त्र्यंबक ते सिन्नर: पोथ्या राखणाऱ्या घरांकडे

यंदा मार्गशीर्षात आमचा छोटा गट नाशिकहून त्र्यंबक आणि सिन्नर तालुक्यांतल्या काही घरी जाऊन आला. पोथ्या मागायला नव्हे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या जपल्या, त्यांना पुढचं जपणं सोपं व्हावं म्हणून. असं काम करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी हंगाम पाहा. त्र्यंबकच्या पावसात बासनं, म्हणजे पोथ्या बांधून ठेवलेली फडकी, सोडूच नयेत. कागद हवेतली ओल ओढून घेतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा, तेव्हा तिथे कुणाला उसंत नसते. निफाड-दिंडोरीकडे जायचं तर ऑक्टोबरची द्राक्षछाटणी टाळा. त्र्यंबकला नाशिकहून एसटी मिळते, अंतर तीसेक किलोमीटर. आतल्या गावांसाठी गाडी हवीच.

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्या नोंदवलेल्या वह्या आहेत, जुन्या मोडीत. त्या रोज लागतात, त्यामुळे ‘हात लावू नका’ हा संग्रहालयाचा नियम तिथे सांगून उपयोग नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, थुंकी लावून पान उलटू नका, जुन्या वहीशेजारी पेन्सिलच ठेवा, नवी नोंद नव्या वहीत करा, एवढंच आम्ही सांगितलं. ते लगेच पटलं.

सिन्नरकडच्या एका घरात जास्त वेळ गेला. आजींनी देवघरातून लाल बासन आणलं. आत दोन फळ्या, त्यांच्यात सुटी आडवी पानं. फळीवर समईचं तेल मुरलेलं, पहिल्या पानावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू. मधल्या काही पानांवर पिवळे पट्टे होते: चूक झाकायला लावलेला हरताळ. त्यात आर्सेनिक असतं, म्हणून थुंकीचं बोट दुप्पट वाईट. शाई काजळाची, पाण्याने फिस्कटते. ओलं फडकं कधीच नको. मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ काढायची. आजींच्या नातसुनेने दहा पानं अशी झाडली, आमच्यापेक्षा हलक्या हाताने.

शेवटच्या पानावर लेखनिकाने लिहिलेलं होतं: ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राख. आमचं सगळं प्रशिक्षण या एका ओळीत होतं. आजी म्हणाल्या, “मग समई लांब ठेवते, पण पूजा सोडायची नाही हं.” सोडायची गरजही नाही. हळदकुंकू बासनाबाहेर पाटाला लावा आणि दसऱ्यालाच वर्षाची तपासणी करा: वाळवी, कसर, बुरशी, ओल. पाऊस सरलेला असतो, पोथ्या तशाही बाहेर निघतात. घराच्या रीतीला जोडलेलं काम टिकतं, बाहेरून आलेलं वेळापत्रक दुसऱ्या वर्षी विसरतं, हे आमचं ठाम मत झालंय. उन्हात मात्र पानं घालू नका, सावलीतली हवा पुरे.

सोबत न्यायचं सामान थोडं: खळ धुऊन काढलेलं मांजरपाट, सुती नाडी, मऊ ब्रश, पेन्सिली, आर्द्रतामापक. रबरबँड, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना सक्त मनाई. चिकटपट्टी पिवळी पडून पान खाते. डांबरगोळ्याही नकोत. जिवंत कीड दिसली तर ते बासन वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि जाणकाराला विचारा. घरगुती फवारणी नको. पुण्याची भांडारकर संस्था, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ही विचारायची ठिकाणं.

फोटो फोनने, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आणि घरातल्याच माणसाला काढू द्या. फाइलला गाव, घर, पोथी, पान या क्रमाने नाव. दोन प्रती, त्यातली एक त्याच घरी. पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या शेवटच्या नोंदीत, शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर ७८ मिळवून इसवी सन सांगा. शके १७०५ म्हणजे १७८३ हे कळल्यावर घरातली मुलं पुढे सरसावतात.

आणखी एक सांगाच. जुन्या वस्तू घेणारे गावोगाव फिरतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावशेषात मोडतं, आणि खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. हे ऐकून एका घराने ठरत आलेला सौदा थांबवला.

दसऱ्याच्या आसपास आम्ही पुन्हा त्याच घरी जाणार आहोत. मोडी वाचणारं माणूस सोबत आलं, तर त्र्यंबकच्या वह्यांची यादी तेव्हाच सुरू करू.