पेटीला मुंग्या

कसबा पेठेतल्या एका वाड्यात मी नोव्हेंबरात एका कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारं कार्ड, बदललं. ते बदलायची गरज नव्हती, हे डिसेंबरात कळलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मशीन तिथल्या ताईंचं. त्या घरीच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात, त्यांचे मिस्टर शूटिंगला जातात. तुळशीचं लग्न झालं की यांचा सीझन सुरू. नेमका त्याच आठवड्यात फोन. "दादा, मशीन चालू होतंय, पण स्क्रीन काळी. परवा टीझर द्यायचाय."

गेलो. पंखे फिरत होते, कीबोर्डचा दिवा लागत होता, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. रॅम काढून खोडरबरने घासली, बायोसचा सेल काढून लावला. प्रोसेसर 'एफ'वाला, म्हणजे त्याला स्वतःचं ग्राफिक्सच नाही. मदरबोर्डच्या पोर्टवर केबल लावून काही कळायचं नाही. माझ्या बॅगेत टेस्टिंगसाठी जुनं जीटी 710 कार्ड असतं, ते बसवलं. डिस्प्ले आला. म्हणजे त्यांचं जीटीएक्स 1650 कार्ड गेलं. हा माझा निष्कर्ष होता आणि तो वीस मिनिटांत काढला होता.

मी काम करत असताना ताईंच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्या पेटीला मुंग्या आहेत रे बाबा. मी तर ती पुसायचं सोडलंय." कॅबिनेटमध्ये मुंग्या होतात, झुरळं होतात, एकदा मी एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमधून, मेलेली पाल काढली आहे. ब्लोअर मारला, सगळे कोपरे बॅटरीने बघितले. एकही मुंगी नव्हती. "आजी, नाहीयेत मुंग्या," एवढं बोलून कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी आरटीएक्स 3050 आणलं, 21 हजारांचं. जुनं 1650 स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटवर भागवायचं. हे 130 वॉटचं, याला आठ पिनांची वेगळी पॉवर लागते. एसएमपीएस 550 वॉटचा, चांगल्या कंपनीचा. तरी लोड देऊन 12 व्होल्टची लाइन मीटरवर बघितली, 12.1 आली. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून काढला. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा लॉक आधी दाबायचा असतो. आमच्यातलेच कित्येक जण तो न दाबता कार्ड ओढतात आणि लॉक तुटला की 'आधीच तुटला होता' म्हणून हात झटकतात. नवीन कार्ड बसल्याचा खट्ट आवाज ऐकला, ब्रॅकेटचे दोन्ही स्क्रू आवळले, पॉवरचं कनेक्टर क्लिक होईपर्यंत दाबलं. हे सगळं मी मन लावून करतो आणि त्या दिवशीही केलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच फोन. पुन्हा काळी स्क्रीन.

या वेळी मशीन दुकानात आणलं. माझ्या टेबलावरच्या मॉनिटरला तेव्हा डिस्प्लेपोर्टची केबल होती. काम एचडीएमआयसारखंच, पण कार्डावर तिचं पोर्ट वेगळं. लावली आणि डिस्प्ले स्वच्छ आला. एचडीएमआय लावली की अंधार. कार्ड जिवंत होतं, मेलं होतं फक्त पोर्ट. सर्व्हिस सेंटरने चार दिवसांनी 'फिजिकल डॅमेज, वॉरंटी नाही' अशी चिठ्ठी लावून ते परत पाठवलं. पोर्ट का जळलं, हे विचारायची तसदी तिथे कुणी घेतली नाही. पण मी तरी कुठे घेतली होती?

मशीन परत लावायला वाड्यात गेलो. गुडघ्यावर बसून केबली खोचताना मनगटाची आतली बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला घासली आणि झिणझिण्या आल्या. मागून आजी म्हणाल्या, "आल्या ना मुंग्या?"

मी तसाच बसून राहिलो. मग टेस्टर काढून कॅबिनेटच्या स्क्रूला लावला. दिवा लागला. बोर्ड उघडला तर सॉकेटच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. वाड्याचं जुनं दोन वायरींचं वायरिंग. थ्री-पिन सॉकेट नंतर कुणीतरी नुसता दिसायला बसवलेला. त्यावर दीड हजाराचा स्पाइक बस्टर. अर्थिंगच नसेल तर त्यातलं अर्धं संरक्षण नावापुरतं उरतं, पण त्याचा हिरवा दिवा आपला लागलेला.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मधोमध लटकतो, 230च्या जवळपास निम्म्यावर. करंट इतका थोडा की माणसाला मुंग्या येतात, बाकी काही होत नाही. चिपचं तसं नसतं. ताई पार्टीला फिल्म दाखवायची असली की मशीन चालूच ठेवून कार्डातून मॉनिटरची एचडीएमआय केबल काढून तिथे टीव्हीची लावायच्या. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, त्याला केबलवाल्याची कोअॅक्स, म्हणजे ती जाड गोल वायर, आणि ती बाहेर कुठेतरी अर्थ झालेली. कोअॅक्सचं बाहेरचं कवच आणि कॅबिनेट यांच्यात मीटर लावला. 108 व्होल्ट. दर वेळी केबल खोचताना ही सगळी ठिणगी पोर्टच्या तोंडावर.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, "कशाला खर्च करता, सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारतो." मी त्याला हात लावू दिला नाही. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट फेज होतं. आजी त्या घरात फडकं घेऊन फिरतात. हा माणूस पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि अजून जंपर मारतोय.

शेवटी मालकांना विचारून वाड्याच्या अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून रीतसर अर्थिंग केलं, वेगळी हिरवी वायर ताईंच्या बोर्डापर्यंत ओढली. न्यूट्रल ते अर्थ 2 व्होल्ट. टेस्टर स्क्रूला लावला, विझलेला. आजींना म्हणालो, "आता हात लावून बघा." त्यांनी आधी एक बोट टेकवलं, मग सगळा तळहात ठेवला आणि काही न बोलता फडकं आणायला गेल्या.

नवीन कार्ड आता डिस्प्लेपोर्टवर चालतंय. टीव्हीला वेगळा कनव्हर्टर दिलाय.

त्या रात्री दुकानात ड्रॉवरमधून ते जुनं 1650 काढलं. नोव्हेंबरात मी ते दोन केबलींनी, दोन मॉनिटरांनी तपासलं होतं, पण दोन्ही वेळा एचडीएमआयवरच. आता डिस्प्लेपोर्ट लावली. विंडोज उघडलं. अर्धा तास टेस्ट चालवली, एकदाही अडखळलं नाही.

सकाळी कार्ड घेऊन गेलो आणि जे होतं ते सांगितलं. ताईंनी टाइमलाइनवरून नजर उचलली. "म्हणजे तेव्हा केबल बदलून भागलं असतं?"

"हो."

"21 हजार, दादा."

फिटिंगचे पैसे परत देऊ केले, नवीन कार्ड पडत्या भावात परत घ्यायची तयारी दाखवली. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सीझन संपू दे, मग बोलू."

सीझन अजून चालू आहे.