ढेकूण झालेत? आधी पलंग खोला, औषध नंतर

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे लॉज असोत नाहीतर शिवाजी विद्यापीठाकडच्या कॉट बेसिसच्या खोल्या, तक्रार तीच ऐकू येते: दोनदा औषध मारलं, तरी ढेकूण गेले नाहीत. औषध मारलेलं असतं फरशीवर आणि भिंतीच्या कडेनं. ढेकूण असतो पलंगाच्या सांध्यात. रात्री पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि परत फटीत जाऊन बसतो. ज्या फटीत एटीएम कार्ड सरकतं, तिथं तो आरामात मावतो.

लॉजवर खोली घेतली की बॅगा गादीवर टाकू नका, आधी बाथरूममध्ये कोरड्या जागी ठेवा. मोबाईलचा टॉर्च लावून उशाकडची बाजू तपासा. चादर काढून गादीच्या शिवणी, कापसाची गादी असेल तर तिचे टाके, मग भिंतीला लावलेला हेडबोर्ड. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग, पिवळसर कात आणि जेमतेम १ मिलिमीटरची पांढरी अंडी शोधा. डागावर ओलं फडकं फिरवल्यावर तांबूस फराटा उठला, तर ती ढेकणाची विष्ठा समजा. अशा वेळी शेजारची खोली घेऊ नका, वायरिंगच्या पाइपातून ते पलीकडे जातात. दुसऱ्या टोकाची खोली मागा.

अंगावरच्या गांधींवरून मात्र काही ठरवू नका. एकाच गादीवरच्या दोघांपैकी एकाला गांधी उठतात, दुसऱ्याला पत्ताही नसतो. काहींना तर आठवड्याभरानं खूण दिसते, त्यामुळे गेल्या आठवड्यातल्या लॉजचा दोष कालच्या लॉजवर जातो. ढेकणांमुळे रोग पसरतो असं आढळलेलं नाही, आणि त्यांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. म्हणून लाजून लपवू नका. पहिल्याच दिवशी फोटो काढून घरमालकाला पाठवा आणि दोन्ही बाजूच्या, वरच्या-खालच्या खोल्याही तपासायला लावा. एकच खोली साफ केली तर महिन्याभरात ते परत येतात.

भाड्याच्या खोलीत पहिली चूक होते ती दुसऱ्या खोलीत झोपायला जाण्याची. ढेकूण श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो, म्हणजे आता दोन खोल्या झाल्या. गादी ओढत जिन्यातून खाली नेली तर वाटेत अंडी-पिल्ली सांडतात. ती टाकायचीच असेल तर तिथंच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीनं बंद करा.

पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पूर्ण खोला. लाकडी पलंगात प्लायखालच्या पट्ट्या आणि स्क्रूची भोकं बघा. लोखंडी कॉटमध्ये चौकोनी पाइपची उघडी टोकं हमखास राहून जातात. आत वाफ सोडून मग ती बुचांनी बंद करा. वाफेचं मशीन शिवणीवरून सावकाश फिरवायचं, फूटभराला साधारण अर्धा मिनिट. वाफेचा झोत जोराचा असेल तर ढेकूण मरण्याऐवजी उडून पडतात, म्हणून मशीनच्या तोंडाला फडकं बांधा. स्विचबोर्डाजवळ वाफ नको.

उष्णता हेच खात्रीचं हत्यार. ४८ अंश सेल्सिअसला मोठे ढेकूण वीस मिनिटांत मरतात, अंड्यांना तासाहून जास्त लागतो. चादरी, अभ्रे, खोळी सुमारे ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की साधारण तेवढं होतं. कपडे टाकल्यावर पाणी निवतं, म्हणून उकळतं थोडं जास्तच घ्या आणि बादली झाका. गादी उन्हात टाकण्यावर लोकांचा फार विश्वास, पण वरचं कापड तापलं तरी आतला कापूस थंडच राहतो आणि ढेकूण खालच्या बाजूला सरकतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ऊन शोधायचं कुठं? पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना चार दिवस ठेवता येतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. धान्याला लावायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या खोलीत ठेवू नका. त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. ढेकणांसाठी या गोळ्या ठेवल्यामुळे आपल्या देशात माणसं मेली आहेत, शेजारच्या खोलीत झोपलेलीसुद्धा. दार बंद असलं तरी वायू फटींतून जातो. रॉकेल-पेट्रोल शिंपडणंही तसंच, एका ठिणगीचा खेळ.

पेस्ट कंट्रोलवाल्याला दोन प्रश्न विचारा: कोणतं औषध, आणि दुसरी फेरी कधी? डेल्टामेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांना बरेच ढेकूण आता दाद देत नाहीत, म्हणून फक्त त्यावर विसंबणारा माणूस नको. धुराचे डबे तर फटींत पोचतच नाहीत, उलट ढेकूण शेजारी पांगतात. दुसरी फेरी १० ते १४ दिवसांनी हवीच. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत, ती सहा ते दहा दिवसांत फुटतात, आणि बाहेर आलेली पिल्ली अंडी घालण्याइतकी मोठी व्हायच्या आत मारायची असतात. एकाच फवारणीत वर्षाची गॅरंटी देणाऱ्याला परत पाठवा.

पलंग जोडल्यावर प्रत्येक पाय स्टीलच्या वाटीत ठेवा. पूर्वी घरोघरी पाण्याच्या वाट्या असायच्या. त्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, म्हणजे ढेकूण तरंगत नाही, बुडतो. कोरडी वाटी पुरत नाही, कारण आपल्या उष्ण हवेतल्या जातीचे ढेकूण गुळगुळीत भिंतही चढून जातात. चादर जमिनीला आणि पलंग भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर वाटीला वळसा घालून ते वर येतात. रोज सकाळी वाट्या बघा, दोन दिवसांनी पाणी बदला. दुसऱ्या फेरीनंतर सलग आठ आठवडे एकही सापडला नाही, की वाट्या काढा.