तपकिरी दार

आबा थिएटरचे बोर्ड रंगवायचे. काळ्या-पांढऱ्या फोटोंचं पाकीट यायचं, आबा कापडावर चौकोन आखून चेहरा उतरवायचे आणि नायिकेच्या साडीचा रंग स्वतःच ठरवायचे. सिनेमा कृष्णधवल असला तरी आमच्या अंगणात वाळणारी साडी डाळिंबी असायची.

त्यामुळे १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' मी आधी रंगांसाठी बघते. रविवारी दुपारी पाचवीतल्या भाचीला घेऊन बसले, मध्ये भडंगाचं ताट. एल. फ्रँक बॉम यांचं १९०० सालचं मूळ पुस्तक सुट्टीत रोज रात्री मी तिला मराठी करत वाचून दाखवलं होतं.

पुस्तकात सुरुवातीलाच छोट्या डोरोथीचं अमेरिकेतलं कॅन्सस करडं आहे. जमीन करडी, गवत करडं, उन्हानं घराचा रंग फुगलेला आणि पावसानं धुऊन नेलेला. तिच्या एम काकूचे डोळेसुद्धा करडे. म्हणजे रंगांचा खेळ बॉमनीच मांडून ठेवलेला. सिनेमानं तो नेमका उचलला: कॅन्सस तपकिरी छटेत, आणि वावटळीनं उडवलेलं घर ऑझ या जादूच्या देशात आदळल्यावर डोरोथी दार उघडते तसा पडदाभर रंग.

ते दार मी तीनदा मागं नेऊन दाखवलं. तो प्रसंग घेतलाय रंगीत फिल्मवरच. घराची आतली बाजू तपकिरी रंगवली, डोरोथी झालेल्या ज्युडी गारलँडच्या जागी तपकिरी कपड्यांतली दुसरी मुलगी पाठमोरी उभी केली. ती दार उघडते, बाजूला होते, कॅमेरा पुढं सरकतो आणि निळ्या चौकडीच्या फ्रॉकमधली ज्युडी बाहेर पाऊल टाकते. ब्रशनं केलेली जादू! आबा असते तर खुर्चीतून उठले असते. लांबून दिसणारी ऑझच्या जादूगाराची पाचूनगरीही रंगवलेलं चित्रच आहे. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात उतरलेल्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात याचं मोल वेगळं सांगावं लागू नये.

पुस्तकातले चांदीचे बूट सिनेमात माणकांसारखे लाल झाले. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल काय उठतो! हा बदल मला पूर्ण मान्य. हिरवे चष्मे गेले ते मात्र सलतं. पुस्तकात पाचूनगरीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून कुलूप लावतात; नगरी हिरवी दिसते ती त्या काचांमुळं. जादूगाराची सगळी लबाडी त्या एका चष्म्यात आहे.

शेवट आला आणि भाची ताठ बसली. डोरोथी बिछान्यात जागी होते, सगळे भोवती जमतात, काकू म्हणते, स्वप्न पडलं असेल.

"आत्या, ती एवढं सांगायलीय खरं होतं म्हणून, आणि ही सगळी नुसती हसायल्यात! मी असतो तर भांडलो असतो."

"अगं, सिनेमात तसं केलंय."

"मग नवीन घर कुठाय?"

मला क्षणभर कळलंच नाही. पुस्तकात डोरोथी परत येते तेव्हा हेन्री काकांनी नवीन घर बांधलेलं असतं, कारण जुनं खरंच उडून गेलेलं. एवढ्या वेळा वाचून ते घर माझ्या नजरेतून निसटलं होतं. पोरीनं बरोबर धरलं. एक दार उघडायला इतका जीव ओतणाऱ्या माणसांनी, दारापलीकडचं सगळं खोटं ठरवावं, याचं मलाही तेव्हा फार वाईट वाटलं.

रात्री तिनं शेवटचं पान परत वाचायला लावलं. एम काकू कोबीला पाणी घालायला बाहेर येते, वर बघते तर डोरोथी पळत येतेय. बूट वाटेत वाळवंटात कुठंतरी पडलेत, पायांत नुसते मोजे. नवीन घराची ओळ आली तसं तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मी पुढचं वाचेपर्यंत उचललं नाही.