चार चुकांचा कागद

शांघायमध्ये तीन वर्षं काढली, पण चीनचं खेडं काही बघितलं नव्हतं. जूनच्या पहिल्या शनिवारी ऑफिसातल्या एका सहकारी मुलीला दुभाषी म्हणून गळ घातली आणि बुलेट ट्रेनने आन्ह्वी प्रांतातलं बेंगबू गाठलं. तिथून टॅक्सी. दोन्ही बाजूंना गहू कापणीला आलेला. श्याओगांगला जायचंय म्हटल्यावर ड्रायव्हर हसला. त्याला वाटलं, आम्ही सरकारी सहलीतलेच.

हे गाव फंगयांग तालुक्यातलं. मिंग घराण्याचा संस्थापक चू युआनचांग इथलाच. पण या भागाची ख्याती बादशहापेक्षा भिकेसाठी जास्त. दुष्काळ पडला की इथली माणसं छोटा ढोल गळ्यात अडकवून गाणी म्हणत दारोदार फिरायची. माओच्या कम्युनमध्येही, म्हणजे जमीन एकत्र कसायच्या सक्तीतही, ते थांबलं नाही. कष्टाचे गुण वहीत मांडले जायचे, मात्र राबणाऱ्याला आणि बांधावर बसणाऱ्याला मिळायचं जवळपास सारखंच. मग जीव तोडून राबणार कोण?

आम्हाला बघायचा होता तो एक कागद. 1978 च्या हिवाळ्यात एका मातीच्या, गवताने शाकारलेल्या घरात रात्री अठरा कर्ते जमले. एकूण घरं वीस. उरलेल्या दोघांपैकी कुणी गावात नव्हतं, भीक मागायला बाहेर पडलेले. यान होंगचांग थोडाफार शिकलेला, म्हणून लिहायचं काम त्याच्याकडे आलं. मजकूर जेमतेम ऐंशी अक्षरांचा. जमीन घरोघरी वाटून घेऊ, सरकारी धान्य (आपल्याकडची लेव्हीच म्हणा) प्रत्येक घर पुरं करील, सरकारपुढे पुन्हा हात पसरणार नाही. फसलं तर पुढारी तुरुंगात जायला, मुंडकं द्यायला तयार, आणि त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीचे पोसतील. खाली लाल अंगठे.

स्मारकात या कागदाची मोठी करून लावलेली प्रत आहे. माझी सोबतीण ती वाचता वाचता मध्येच खुदकन हसली. चार अक्षरं चुकलीत म्हणाली. 'पुन्हा', 'तुरुंगात बसणं', 'मारणं' आणि 'राजीखुशी' या शब्दांत, उच्चार तोच पण अक्षर भलतंच. कानाला आलं तसं लिहिलेलं. मग ती मुलांच्या ओळीपाशी पोचली आणि तिचं हसू थांबलं. ती ओळ तिने मला पुन्हा वाचून दाखवली, सावकाश.

मला आठवली ती आमच्या आजोबांची लोखंडी पेटी. तिच्यातल्या सावकाराच्या कागदांवरही अंगठेच होते. पण त्या अंगठ्यांनी जमीन गेली होती.

बीजिंगच्या संग्रहालयात आहे तो मूळ कागद की नंतर केलेली नक्कल, यावर चीनमध्येही वाद झाले. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. वाटणी तर झालीच, आणि 1979 चं पीक खोटं नव्हतं. गावाने सुमारे 66 टन धान्य काढलं; 1966 ते 1970 या पाच वर्षांचं मिळून जेवढं, जवळपास तेवढं एका वर्षात. प्रांताचे पक्षसचिव वान ली यांनी पाठीशी घातलं म्हणून मुंडकी वाचली, आणि काही वर्षांत देशभरची कम्युन मोडली. स्मारकात मात्र हे सगळं पक्षाच्या दूरदृष्टीचं फळ असल्यासारखं मांडलंय. अठरा जण नेमके कुणाला घाबरून रात्री जमले, हे तिथल्या फलकांवर शोधावं लागतं.

बाहेर रुंद रस्ता, हॉटेलं, द्राक्षांच्या बागा. गावाबद्दल चीनमध्ये एक बोललं जातं: एका रात्रीत पोटापुरतं मिळालं, तीस वर्षांत श्रीमंतीचा उंबरा काही ओलांडला नाही.

गावाबाहेर रस्त्याच्या अर्ध्या भागात गहू वाळत घातला होता, अगदी आपल्याकडे घालतात तसा. एक आजी लाकडी दाताळ्याने तो वर-खाली करत होत्या. सोबतिणीने विचारलं, जमीन किती? बरीचशी कंपनीला भाड्याने दिलीय, म्हणाल्या. पुन्हा सगळी एकत्र झाली, आता ट्रॅक्टर येतो. हा गहू उरलेल्या तुकड्यातला.

"मग कशाला एवढा त्रास?" सोबतिणीने विचारलं.

आजींनी दाताळं थांबवलं. "घरचा आहे," म्हणाल्या, आणि आमच्या टॅक्सीवाल्याला हात करून चाक गव्हावर घालू नको म्हणून बजावलं.