ऑटोकॅड शिकताना आधी बिंदू, मग कमांड

ठाण्यात स्टेशनजवळ किंवा वाशीत ऑटोकॅडचा (कॉम्प्युटरवर मापात ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावला की पहिल्याच आठवड्यात कमांडची लांबलचक यादी हातात पडते आणि मुलं ती पाठ करायला बसतात. रोजच्या टू-डी कामाला पंधरा-वीस कमांड पुरतात, आणि हात बसला की त्या आपोआप लक्षात राहतात. काम अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: बिंदू नेमका कसा द्यायचा, आणि खालची कमांड लाइन या क्षणी काय विचारते आहे. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचं इंटिरियर असो की रबाळ्याच्या फॅब्रिकेशन शॉपमधली बेस प्लेट (खांबाखाली बोल्टने बसवायची लोखंडी प्लेट), हात सारखाच चालतो.

खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, कंसात त्यांची छोटी रूपं आहेत, पण टाइप करायच्या त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर प्रत्येक कमांड 'अननोन' म्हणून परत येते. आधी तेवढं बघा.

नवी फाइल उघडताना टेम्प्लेट विचारलं जातं. मिलिमीटरमध्ये काम असेल तर नावात 'आयएसओ' असलेलं ॲकॅडआयएसओ घ्या. नुसतं ॲकॅड घेतलं तर फाइल इंचाच्या हिशोबाची असते, आणि पुढे हॅच (भिंतीत भरायच्या तिरप्या रेषा) इतका दाट येतो की भिंत काळी दिसते. मग युनिट्स (यूएन) कमांड देऊन डेसिमल निवडा, प्रिसिजन ० ठेवा आणि इन्सर्शन स्केल मिलिमीटर करा.

आपल्याकडे फ्लॅटची मापं फुटातच बोलली जातात, म्हणून बरेच जण मिलिमीटरची फाइल तशीच ठेवून युनिट्समध्ये आर्किटेक्चरल लावतात. तिथे घोटाळा होतो. आर्किटेक्चरलमध्ये एक युनिट म्हणजे एक इंच, त्यामुळे ३६०० मिमीची भिंत एकदम ३०० फूट दिसू लागते. युनिट्स बदलल्याने फक्त आकडा दाखवायची पद्धत बदलते, रेषा आहे तेवढीच राहते. इंचातलं ड्रॉइंग खरोखर मिलिमीटरमध्ये आणायचं तर सगळं सिलेक्ट करून स्केल (एससी) कमांडने २५.४ पट करावं लागतं. फुटात काम करायचंच असेल तर सुरुवातीपासून इंचाची फाइल घ्या, त्यात युनिट्स आर्किटेक्चरल करा आणि दहा फूट सहा इंच हे १०'६ असं टाइप करा. फुटाची खूण विसरून नुसते १० टाकले तर दहा इंचाची भिंत मिळेल.

आता बिंदू. शून्यापासून मोजलेला बिंदू नुसता ३६००,० असा लिहितात. आधीच्या बिंदूपासून मोजायचं असेल तर पुढे @ लावायचा: @३६००,०. लांबी आणि कोन माहीत असेल तर @३०००<४५. कोन उजवीकडच्या आडव्या दिशेपासून, घड्याळाच्या उलट मोजला जातो. काटकोनातल्या भिंतींना यातलं काहीच लागत नाही: एफ८ दाबून ऑर्थो चालू करा, माउस हव्या त्या दिशेला न्या आणि ३६०० टाकून एंटर द्या.

जुन्या नोट्सवरून शिकणाऱ्यांची गाडी इथे हमखास अडते. एफ१२ने डायनॅमिक इनपुट (कर्सरशेजारीच आकडे टाकायची सोय) चालू असेल, तर दुसऱ्या बिंदूपासून पुढे टाकलेला आकडा @ नसला तरी आधीच्या बिंदूपासूनच मोजला जातो. नोट्समध्ये शून्यापासूनचे बिंदू दिलेले असतात, मुलगा ते जसेच्या तसे टाकतो आणि आकृती भलतीकडे पसरते. अशा वेळी एफ१२ बंद करा, नाहीतर आकड्याआधी # लावा. शिकताना ते बंदच ठेवावं असं माझं मत आहे. नजर कमांड लाइनवर राहते.

एका खोलीवर हे सगळं करून बघता येतं. आतून ३६०० बाय ३०००, भिंत १५० मिमी.

रेक्टँगल (आरईसी), पहिला कोपरा ०,०, दुसरा @३६००,३०००. ऑफसेट (ओ), अंतर १५०, चौकोन सिलेक्ट करा आणि बाहेरच्या बाजूला क्लिक करा. चारही भिंती एकदम तयार. चौकोन ही एकच पॉलिलाइन, म्हणजे जोडलेल्या रेषांची एकच वस्तू असते म्हणून हे जमतं. उगाच एक्स्प्लोड केलात तर चार सुट्या रेषा वेगवेगळ्या ऑफसेट करून चारही कोपरे फिलेटने जुळवत बसावं लागेल (त्या वेळी रेडियस ०).

खालच्या भिंतीत, डाव्या कोपऱ्यापासून १०० सोडून ९०० चा दरवाजा काढायचा आहे. लाइन (एल) द्या आणि पहिला बिंदू विचारल्यावर 'फ्रॉम' टाइप करून एंटर करा. आतला डावा-खालचा कोपरा क्लिक करा आणि @१००,० टाका. इथे @ हवाच. मग @०,-१५० टाकून एंटर. ती रेषा ९०० ने उजवीकडे ऑफसेट करा. फ्रॉम क्लासमध्ये फारसा शिकवत नाहीत याचं वाईट वाटतं, कारण मदतीच्या रेषा काढून नंतर पुसायचं निम्मं काम त्याने वाचतं.

या दोन रेषांमधला भिंतीचा तुकडा कापायला आता ट्रिम (टीआर). २०२१ च्या आवृत्तीपासून ट्रिम 'क्विक' पद्धतीने चालतो: कमांड द्या आणि कापायचा तुकडा थेट क्लिक करा. त्याआधीच्या आवृत्त्यांत कापणाऱ्या कडा आधी विचारल्या जातात, तिथे आणखी एकदा एंटर दिला की सगळ्या रेषा कडा धरल्या जातात. जुनी सवय घेऊन नव्या आवृत्तीत तो जादा एंटर दिला तर कमांड बंद होते आणि ट्रिम बिघडलाय असं वाटतं. ट्रिम चालू असतानाच शिफ्ट धरून क्लिक केलं तर एक्स्टेंडचं काम होतं.

दरवाजाचं पान: बिजागरीच्या, म्हणजे डाव्या कडेच्या आतल्या कोपऱ्यापासून लाइन, @०,९००. कमानीसाठी आर्क (ए), मग सी, आणि केंद्र म्हणून तोच कोपरा. सुरुवात समोरच्या, म्हणजे उजव्या कडेला आणि शेवट पानाच्या टोकाला. आर्क घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. सुरुवात-शेवट उलटे क्लिक केलेत तर पाव वर्तुळाऐवजी पाऊण वर्तुळ भिंतीतून आरपार जातं.

क्लिक नेमकं कोपऱ्यावर बसावं म्हणून ऑब्जेक्ट स्नॅप (एफ३) चालू हवा. त्यात एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर आणि इंटरसेक्शन एवढेच ठेवा. सगळे चालू ठेवले की 'निअरेस्ट' (रेषेवरचा जवळचा कुठलाही बिंदू) मध्ये येतो आणि रेषा कोपऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच चिकटते. स्क्रीनवर ते दिसत नाही. दिसतं ते हॅच मारताना, बाउंडरी बंद नाही असा निरोप आल्यावर.

मग मोजा. एरिया (एए) देऊन आतले चार कोपरे क्रमाने क्लिक करा: १०८००००० चौरस मिमी, म्हणजे १०.८ चौरस मीटर, साधारण ११६ चौरस फूट. आकडा थोडाही वेगळा आला तर एखादा कोपरा चुकला आहे.

बेस प्लेटची चूक वेगळ्या जातीची. प्लेट २०० बाय २००, कडेपासून ४० वर चार भोकं, एम१६ बोल्टसाठी १८ व्यासाची. सर्कल (सी), केंद्र ४०,४०, आणि पुढे लोक सरळ १८ टाकतात. सर्कल आधी रेडियस विचारतो, त्यामुळे भोक ३६ चं होतं. डी टाकून एंटर करा, मग १८. बाकीची तीन भोकं मिररने (एमआय), प्लेटच्या कडांचे मिडपॉइंट धरून. मूळ वस्तू पुसायची का असं विचारलं की नुसता एंटर, कारण तयार उत्तर 'नो' असतं. केंद्रापासून केंद्रापर्यंत डिस्टन्स (डीआय) १२० आलं पाहिजे.

हे मोजणं सोडू नका. लेझर कटिंगला डीएक्सएफ फाइल (ड्रॉइंग दुसरीकडे द्यायचा फॉरमॅट) गेली की मशीन डायमेन्शनचा, म्हणजे ड्रॉइंगवर दाखवलेल्या मापाचा आकडा वाचत नाही, रेषेवरून चालतं. डायमेन्शनवर हाताने १८ लिहून ठेवलं असलं तरी ३६ चंच भोक पडेल. फाइल देण्याआधी ओव्हरकिल कमांड चालवा. एकावर एक बसलेल्या रेषा निघून जातात, नाहीतर तीच कड दोनदा कापली जाते. बाहेरची कड सुट्या रेषांची असेल तर जॉइन (जे) करून एकच बंद पॉलिलाइन करा. डायमेन्शन, सेंटर लाइन आणि टायटल ब्लॉक त्या फाइलमधून काढून टाका, आणि सोबत युनिट मिलिमीटर आहे हे लिहून कळवा. समोरच्याने इंच समजून फाइल उघडली तर २०० ची प्लेट ५०८० ची होते.