तुम्ही विचारलंत म्हणून: ताज्या फुलांचे नियम कागदाला कसे लागू पडतात

मी ताज्या फुलांची रचना शिकवते आणि क्रेप कागदाची फुलेही करते, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. या दोन वेगळ्या कला नाहीत का, आणि एकीत शिकलेले दुसरीत कितपत उपयोगी पडते? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की ताज्या फुलांची रचना ही निसर्गाशी नाते सांगणारी गोष्ट, आणि कागदाची फुले म्हणजे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाची. माझे उत्तर असे आहे की रचनेचे नियम दोन्हीकडे तेच आहेत, कारण ते बघणाऱ्याच्या डोळ्यावर आणि झाडाच्या वाढीवर आधारलेले आहेत. देठ पाण्यात उभा आहे की तारेवर, याने त्यांना फरक पडत नाही. फरक पडतो तो कामाच्या वाटणीत. ताज्या फुलात निम्मे काम झाडाने आधीच करून ठेवलेले असते. कागदात तेही आपल्यालाच करावे लागते, आणि म्हणून नियम अधिक नीट समजून घ्यावे लागतात.

हे माझे एकटीचे मत नाही. सोफू तेशिगाहारा यांनी 1927 मध्ये जपानमध्ये सोगेत्सु या इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, परंपरेची स्थापना केली आणि फुलांच्या जोडीला लोखंड, दगड, वाळलेली लाकडे असे साहित्य रचनेत आणले. या परंपरेत विद्यार्थ्याला सुरुवातीला जी मापे शिकवतात, त्यांत फुलाचा उल्लेखही नसतो. भांड्याची रुंदी आणि उंची यांची बेरीज करायची आणि तिच्या दीडपट लांबीची मुख्य फांदी घ्यायची. तिला शिन म्हणतात. दुसरी फांदी, सोए, शिनच्या पाऊणपट. तिसरी, हिकाए, सोएच्या पाऊणपट. म्हणजे 28 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर खोल अशी पसरट थाळी असेल, तर शिन 48, सोए 36 आणि हिकाए 27 सेंटिमीटर. शिन जवळजवळ उभी, सोए साधारण 45 अंशांत कललेली आणि हिकाए बरीच आडवी, थाळीच्या काठाकडे झुकलेली. हीच मापे मी तारेच्या देठांवर वापरते आणि ती तितकीच चोख बसतात. कागदाची फुले नव्याने करणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते, कारण बाजारात तार एकाच लांबीच्या तुकड्यांत मिळते आणि ती तशीच वापरली जाते. सगळी फुले एका उंचीवर आली की प्रत्येक फूल कितीही सुबक असले तरी तो फुलांचा साठा दिसतो, रचना दिसत नाही.

उंचीनंतर येते ती वाढीची दिशा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. झाडाच्या सगळ्या फांद्या जमिनीतल्या एका जागेतून वर येतात, आणि बघणाऱ्याला ते न सांगता ठाऊक असते. म्हणून फुलदाणीतले देठ आतल्या एका बिंदूतून निघाल्यासारखे वाटले पाहिजेत, मग ते प्रत्यक्षात कुठेही टोचलेले असोत. ताजे देठ या बाबतीत आपल्याला मदत करतात. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहते आणि उजेडाकडे वळते. ग्लॅडिओलसची छडी आडवी ठेवली तर तिचे टोक काही तासांत वर उचललेले दिसते. जरबेराचे डोके जड आणि देठ पोकळ, म्हणून तो आपोआप झुकतो, इतका की फुलवाले त्याला आधाराला तार लावतात. कागदाचे फूल वजनाने हलके असते आणि तार सरळ असते, त्यामुळे झुकाव आपण द्यावा लागतो. तो मानेपाशी दिला की फूल मोडल्यासारखे दिसते. देठाच्या खालच्या तिसऱ्या भागापासून, बोटांमधून तार ओढत सावकाश बाक दिला, आणि फुलाचे तोंड त्याच बाकाच्या पुढच्या दिशेला वळवले, तर त्या फुलाला वजन आहे असे वाटू लागते.

वजनाचा प्रश्न निघाला आहे तर तोल कशाला म्हणायचे तेही सांगते. तोल दोन प्रकारचा असतो: भांडे प्रत्यक्ष उभे राहणे, आणि ते उभे राहील असे डोळ्याला वाटणे. ताज्या फुलांच्या भांड्यात पाणी असते, त्यामुळे पहिला तोल बहुधा आपोआप साधतो. कागदाच्या रचनेत भांड्याच्या तळाला वाळू किंवा गारगोट्या घालाव्या लागतात, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानेही ती कलंडते. दुसरा तोल मात्र दोन्हीकडे अगदी सारख्याच रीतीने साधावा लागतो. गडद रंग डोळ्याला जड वाटतो, फिका हलका. पूर्ण उमललेले फूल जड, कळी हलकी. म्हणून गर्द लाल गुलाब भांड्याच्या काठाजवळ आणि मध्याकडे, आणि फिक्या कळ्या वर आणि कडेला. कागदाच्या लाल गुलाबाचे वजन काही ग्रॅमच असेल, तरी तो टोकाला लावला तर सारी रचना डोक्यावर पडेल असे वाटते. डोळा तराजू वापरत नाही.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येते, ते म्हणजे फुलांचे वय. पुण्यातल्या गुलटेकडीच्या फुलबाजारातून निशिगंधाची छडी आणली तर तिच्यावर एकाच वेळी चार अवस्था दिसतात: खाली कोमेजायला लागलेली फुले, त्यांच्या वर उमललेली, मग अर्धी उमललेली, आणि टोकाला हिरवट, घट्ट मिटलेल्या कळ्या. निशिगंध खालून वर उमलतो. शेवंती, जरबेरा, सूर्यफूल यांच्या मधल्या चकतीतली बारीक फुले कडेकडून आत उमलत जातात. ताजी फुले घेणाऱ्याला हा क्रम फुकट मिळतो, तरीही पुष्कळदा तो सगळी फुले सारखीच उमललेली पाहून घेतो आणि रचना निर्जीव करून टाकतो. कागदात तर हा धोका दुप्पट आहे, कारण पाकळ्या एका साच्यावरून, कागदाच्या थरांवर थर ठेवून एकदम कापल्या जातात. पंधरा गुलाब करायचे तर पंधराही एकाच वयाचे होतात. मी विद्यार्थ्यांना सांगते की फुले करायला बसण्याआधी त्यांची वये ठरवा. किती कळ्या, किती अर्धी उमललेली, किती पूर्ण, आणि निदान एक असे की ज्याच्या बाहेरच्या पाकळ्या सैल होऊन खाली लवल्या आहेत. कळीला पाकळ्या कमी लावायच्या आणि घट्ट गुंडाळायच्या. उतरत्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्यांची कड विणकामाच्या सुईवर बाहेर वळवायची आणि तिथे चहाच्या पाण्याचा हलका हात द्यायचा. हे एक फूल रचनेत आले की बाकीची चौदा खरी वाटू लागतात.

एक पाकळी जवळून पाहिली तर नियम किती आतपर्यंत जातात ते कळते. क्रेप कागदाला एका दिशेने बारीक सुरकुत्या असतात आणि तो त्या सुरकुत्यांना आडवा ताणला जातो. पाकळी कापताना सुरकुत्या बुडापासून टोकाकडे जातील अशी कापायची. मग दोन्ही अंगठे मध्याच्या जरा खाली ठेवून हलकेच बाहेर ओढले की तिथे वाटीसारखा खोलगट भाग तयार होतो. 180 ग्रॅमच्या जाड क्रेपमध्ये ही खोली टिकून राहते. 60 ग्रॅमच्या पातळ कागदात ती लवकर बसते, पण जाईजुईसारख्या नाजूक फुलांना तोच बरा. गुलाबाच्या पाकळीत ही वाटी बुडाकडे असते आणि कड बाहेर वळलेली असते. उलट केले तर कोबीचे पान होते. फुलाखालच्या हिरव्या निदलपुंजाचेही तसेच. जंगली गुलाबात आणि बागेतल्या कित्येक जातींत पाच निदलांपैकी दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोघांच्या कडा साध्या असतात आणि एकाची फक्त एक कड झालरीची, कारण कळीत ते एकमेकांवर ज्या रीतीने दुमडलेले असतात त्यात झाकलेल्या कडेला झालर येत नाही. हे पाहिलेला माणूस पाच सारखी निदले कापणार नाही.

इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी यांनी 1772 मध्ये, वयाच्या 72व्या वर्षी, कागदाच्या तुकड्यांतून फुलझाडे साकारायला सुरुवात केली. काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या त्यांच्या जवळजवळ हजार कृती आज ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. त्या खरे झाड समोर ठेवून कापत असत. त्यांच्या कामात पाकळीची छटा बहुतेक ठिकाणी रंगाने भरलेली नसते, तर निरनिराळ्या छटांचे कागदाचे बारीक तुकडे एकावर एक बसवून साधलेली असते. फूल बनवणाऱ्याने आणि फूल रचणाऱ्याने एकाच शिक्षकाकडे, म्हणजे झाडाकडे, जायचे असते, हे मला त्यांच्या कामावरून सर्वांत स्पष्टपणे पटते.

लय आणि मोकळी जागा या दोन गोष्टी मात्र शिकायला लांब जायला नको. अबोलीच्या वेणीत ठरावीक अंतराने मरव्याची हिरवी काडी येते. दाराच्या तोरणात झेंडूची काही फुले, मग आंब्याचे पान, मग पुन्हा झेंडू. ते पान काढून टाका आणि तोरण नुसती नारिंगी दोरी होते. गणपतीच्या मखराला आपण कागदी फुलांच्या माळा लावतो तेव्हा हे विसरतो आणि फुलाला फूल चिकटवत जातो. फुलदाणीतही तेच घडते. प्रत्येक फुलाभोवती एखादे फुलपाखरू बसून उडू शकेल एवढी जागा राहिली पाहिजे, आणि काही फुले इतरांपेक्षा आत, सावलीत गेली पाहिजेत, म्हणजे रचनेला खोली येते. कागदाचे फूल करायला एक संध्याकाळ लागते, म्हणून ते मागे लपवायला जीव होत नाही, हे मी समजू शकते. तरीही लपवावे.

रंगाबद्दल थोडक्यात सांगते. कोणतीही ताजी पाकळी एकरंगी नसते. गुलाबाची पाकळी बुडाशी पिवळसर असते आणि सर्वांत बाहेरच्या पाकळीवर हिरवट झाक असते. कागदावर ही झाक कोरड्या पेस्टल रंगाने, बोटाने चोळून द्यावी. एवढ्याने भडकपणा निघून जातो.

वेगळेपणा आहे तो देखभालीत. ताज्या देठाला तिरका छेद, स्वच्छ पाणी आणि पाण्याखाली गेलेली पाने काढून टाकणे. कागदाला ऊन आणि दमट हवा यांपासून जपणे, कारण क्रेपचा रंग उन्हात लवकर विटतो. हिरवी फ्लोरल टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, देठ केनझानच्या, म्हणजे भांड्याच्या तळाशी ठेवायच्या जड आधाराच्या, पितळी खिळ्यांवर किंवा जाळीवर नीट बसवता येतात, अशा हातच्या गोष्टी सरावाने येतात आणि त्यांचा नियमांशी संबंध नाही. ताज्या रचनेसाठी वापरला जाणारा हिरवा स्पंज मी दोन्हीकडे टाळते, कारण तो प्लास्टिकचाच प्रकार आहे आणि त्याचा चुरा पाण्यात मिसळून राहतो.

मग आधी काय शिकावे, असे पुढे विचारले जाते. ताजी फुले आधी. अंगणातले एक साधे, एकेरी जास्वंद घ्या आणि सुटे करा. पाचही पाकळ्यांची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी शेजारणीच्या खाली, असा सगळ्यांचा एकाच दिशेचा पीळ आहे. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच लाल ठिपके आहेत. हिरव्या पेल्याखाली अरुंद पानांची आणखी एक ओळ आहे. हे सगळे मोजून, त्याच क्रमाने कागदात जोडा. त्यानंतर एकाच भांड्यात, त्याच मापांनी, एक रचना ताज्या फुलांची आणि एक कागदाची करा, दोन्हींचे छायाचित्र काढा आणि मोबाइलवर ते कृष्णधवल करून शेजारी ठेवा. रंग गेले की कागदाची रचना जिथे जड किंवा गच्च दिसेल, तिथे बहुधा फुले एका उंचीवर किंवा एका वयाची असतील; तेवढीच काढून पुन्हा लावा.