चार पानं, एकच गाभा: कनेक्टिकटच्या तंबाखूच्या खोऱ्यात दोन दिवस

माझे मामा निपाणीचे. चाळीस वर्षं त्यांनी विडीचा तंबाखू पिकवला. यंदा तीन महिन्यांसाठी ते आमच्याकडे न्यूजर्सीला आले आणि पहिल्या पंधरा दिवसांतच कंटाळले. त्यांना नायगारा दाखवून झाला, न्यूयॉर्क दाखवून झालं. मग एका संध्याकाळी मी गॅलरीत सिगार ओढत बसलो होतो, तर त्यांनी न पेटवलेला एक सिगार उचलला, उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्ये वरचं पान कुटलं रं? एक ठिपका न्हाई ह्याच्यावर."

प्रवास त्या प्रश्नामुळे ठरला. सिगारचं वरचं पान, म्हणजे रॅपर, जिथे पिकतं ते कनेक्टिकट नदीचं खोरं आमच्या एडिसनपासून गाडीने अडीच-तीन तासांवर. मलाही एक शंका कित्येक दिवस छळत होती. दुकानदार म्हणतात की सिगारची निम्म्याहून जास्त चव रॅपरमध्ये असते. खरंच तसं आहे का, की पानाचा रंग बघून आपल्यालाच तसं वाटतं? आतला तंबाखू एकच ठेवून फक्त रॅपर बदललं तर फरक कळेल का? आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी पहाटे निघालो.

हार्टफर्ड ओलांडून आय-९१ ने उत्तरेकडे गेलं की विंडसर लागतं. इंग्रजांनी १६३३ मध्ये वसवलेलं हे गाव. इथली माती वाळूमिश्रित, पाण्याचा चटकन निचरा होणारी. हिमयुगानंतर इथे मोठं सरोवर होतं, त्याच्या काठची आणि तळाची ही माती. कनेक्टिकटची राज्यमाती म्हणून जी ओळखली जाते, तिचं नावही 'विंडसर'च. मामांनी गाडीतून उतरल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे रस्त्याकडेची मूठभर माती उचलून चुरगाळली. "आमच्या काळ्या रानात न्हाई यायचं ह्ये पान," एवढंच बोलले.

दोन्ही बाजूंना उभ्या फळ्यांची लांबलचक कोठारं दिसू लागली, काही लाल, काही उन्हापावसाने करडी पडलेली. जवळून बघितलं की कळतं, दर काही फळ्यांआड एक फळी बिजागरीवर आहे. ती उघडली की वारा आत जातो, हवा दमट झाली की बंद करायची. आत आढ्यापर्यंत पानं टांगलेली असतात आणि ती कित्येक आठवडे सावकाश सुकतात. आमच्याकडे विडीचा तंबाखू रानातच जमिनीवर, उन्हात वाळतो. मामा कोठाराच्या दारात बराच वेळ उभे होते. सावलीत सुकवणं ही कल्पना त्यांना ठाऊक होती, पण एका पिकासाठी एवढं मोठं लाकडी घर बांधलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आता थोडं पानांविषयी, कारण ते कळलं नाही तर इथे येऊन नुसती शेतं दिसतील. या खोऱ्यात रॅपरची दोन पिकं. पहिलं 'शेड', म्हणजे मांडवाखालचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमात्राच्या पातळ, गुळगुळीत पानाने अमेरिकेची बाजारपेठ काबीज केली होती. त्याला उत्तर म्हणून १९०० मध्ये विंडसरच्याच पोक्वॉनॉक भागात खांब रोवून, वर कापड ताणून, त्याखाली सुमात्राचं बी लावून पाहिलं. ऊन गाळून आलं, आत दमटपणा टिकला आणि पान पातळ, फिकट, रेशमी निघालं. त्याची खुडणी खालून वर, एकेक पान हाताने. दुसरं 'ब्रॉडलीफ'. हे उघड्या उन्हातलं, जाड, रुंद, तेलकट. त्याचं अख्खं झाड बुंध्याशी तोडतात, थोडं कोमेजू देतात आणि लाकडी पट्टीत ओवून कोठारात उलटं टांगतात. काळपट 'मादुरो' सिगारवर बहुधा हेच पान असतं. मादुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये पिकलेलं. ती तंबाखूची जात नव्हे. पानाला जास्त दिवस, जास्त उष्णतेत मुरवलं की तो रंग येतो.

जाणाऱ्यांना आधीच सांगतो: शेडचे पांढरे मांडव बघायला मिळतील अशा आशेने येऊ नका. ते पीक इथे फारच कमी झालं आहे. आज 'कनेक्टिकट' नावाने विकलं जाणारं पुष्कळसं पान त्याच वाणाच्या बियाण्यापासून इक्वाडोरमध्ये पिकतं, तिथे आभाळ इतकं झाकोळलेलं असतं की कापडाची गरजच पडत नाही. आम्हाला दोन ठिकाणी रिकामे खांब दिसले, मांडव एकही नाही. ब्रॉडलीफ मात्र भरपूर होतं आणि ऑगस्टचा शेवट ही त्याच्या तोडणीची वेळ. त्यासाठी हाच काळ धरा. मांडवाचं कापड, शिवणीची यंत्रं, जुनी छायाचित्रं बघायची तर विंडसरच्या नॉर्थवेस्ट पार्कमध्ये कनेक्टिकट व्हॅली तंबाखू संग्रहालय आहे, सोबत सुकवणीचं जुनं कोठारही. ते बारा महिने, रोज उघडं नसतं, तेव्हा वेळ विचारूनच जा. पार्कातून रेनबो जलाशयाच्या काठाने पायवाटा आहेत, मुलं बरोबर असतील तर त्यांचाही वेळ छान जातो.

एका शेतात तोडणी चालू होती. शेत खासगी असतं, न विचारता बांध ओलांडू नका. ओल्या पानांना तर हातच लावू नका, दवाने किंवा पावसाने भिजलेल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि मळमळ, चक्कर सुरू होते. आम्ही रस्त्यावर थांबून हात केला. शेतकरी जवळ आला. मी म्हटलं, हे माझे मामा, भारतात तंबाखू पिकवायचे. त्याने मामांना आत बोलावलं. पुढची वीस मिनिटं मी दुभाषी म्हणून निरुपयोगी होतो. मामांनी झाडाच्या शेंड्याकडे बोट केलं, खुडल्याची खूण केली, त्याने मान हलवली. मामांनी बगलेतले फुटवे मोडल्याची खूण केली, त्याने पुन्हा मान हलवली. मग त्याने एक मोठं कोरडं पान त्यांच्या हातात दिलं. मामांनी ते वीत लावून मोजलं. तीन वीत भरलं.

तिथेच मला त्यांच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ कळला. विडीच्या तंबाखूत पानावर तांबूस ठिपके उमटले की पीक तयार झालं असं मानतात. ठिपके दाट असतील तर भाव चांगला. नंतर त्या पानाचा चुराच व्हायचा असतो आणि विडीचं वरचं पान तंबाखूचं नसतंच, ते टेंभुर्णीचं. इथे मात्र एक ठिपका, गारेचं एक भोक, अळीने कुरतडलेली एक कड, आणि ते पान रॅपर म्हणून बाद. मग ते आत जातं, कमी भावाने. "म्हंजी आमचं सोनं ह्यांची माती," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "आत्ता आमच्यात लावणी चालू असंल."

दुपारनंतर हार्टफर्डच्या बाजूला एका छोट्या दुकानात गेलो. तिथे डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेले एक वयस्क कारागीर हाताने सिगार वळतात. मी फोनवर आधीच विनंती करून ठेवली होती: आतला भरणा एक, तो बांधून ठेवणारं मधलं पान म्हणजे बाइंडर एक, आकार एक, फक्त रॅपर चार वेगवेगळे. आकार रोबुस्तो, पाच इंच लांब आणि ५० रिंगचा. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जाडी पाऊण इंचाहून किंचित जास्त. ते वळत असताना मामा समोरच्या स्टुलावर बसून राहिले. पानावर पाण्याचा हलका हात, मधली शीर काढून दोन अर्धी पानं वेगळी, चंद्रकोरीसारख्या पात्याने एका ओढीत काप, मग तिरकं वेटोळं आणि टोकाला जरासा डिंक. डाव्या अर्ध्या पानाचं वेटोळं एका दिशेने आणि उजव्याचं उलट दिशेने जातं, हे मला त्या दिवशीच कळलं. "तुझी मामीबी टेंभुर्णीची पानं अशीच भिजवून घ्यायची," मामा म्हणाले. मामींनी लग्नानंतर बरीच वर्षं घरी विड्या वळल्या. हे मी त्या कारागिरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पातं मामांच्या हातात दिलं. मामांनी ते धार बघून परत केलं.

ओढण्याचं काम माझं एकट्याचं. मामांनी विडी सोडून बारा वर्षं झाली, ते फक्त वास घेत होते. पण त्यांचं नाक माझ्या जिभेपेक्षा तयार निघालं. शनिवारी दोन सिगार आणि रविवारी दोन, दुकानामागच्या उघड्या पडवीत, फिकट पानाकडून गडद पानाकडे.

पहिला कनेक्टिकट शेड. दुधाची साय, भाजलेले शेंगदाणे, मागे वाळल्या गवताचा वास. शेवटच्या तिसऱ्या भागात थोडा कडवटपणा आला. जळणं एकसारखं, एकदाही पुन्हा पेटवावा लागला नाही. याच सिगारमध्ये आतला तंबाखू सर्वांत स्पष्ट कळतो, रॅपर मध्ये फार बोलत नाही. म्हणून तुलना करायची तर सुरुवात याच पानाने करा, म्हणजे गाभा कसा आहे ते आधी समजतं.

दुसरा कॅमेरून, आफ्रिकेतलं पान. याच्या पानावर बारीक दाणे असतात, बोट फिरवलं की खरखर लागते. राखेतही ते पांढरे ठिपक्यांसारखे दिसतात. चव मला चारांत सगळ्यांत आवडली: गोडसर, दालचिनीच्या अंगाने जाणारी, जुन्या लाकडी पेटीसारखी. पण पान फार नाजूक. दुकानातून निघाल्यावर मी डबा तासभर बंद गाडीत ठेवला होता. चूक माझीच. जेवून परत आलो तर कॅमेरूनला टोकापाशी उभी चीर गेली होती. बाकीचे तीन शाबूत होते. सिगार उन्हातल्या गाडीत एक मिनिटही ठेवू नका, आर्द्रतेची पुडी घातलेला हवाबंद डबा अंगासोबत बाळगा. ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते.

रविवारी सकाळी आम्ही सिम्सबरीला जाऊन आलो. विंडसरपासून अर्ध्या तासाच्या आत. मार्टिन ल्युथर किंग विद्यार्थी असताना १९४४ आणि १९४७ च्या उन्हाळ्यात इथल्या तंबाखूच्या मळ्यात मजुरीला आले होते, कॉलेजच्या फीसाठी. पहिल्या खेपेला त्यांचं वय पंधरा. अमेरिकेच्या दक्षिणेत जे हॉटेल, जे चर्च कृष्णवर्णीय म्हणून त्यांना बंद होतं, तसं इथे नाही हे त्यांनी घरी पत्रातून कळवलं होतं. मामांना १९८१ चं निपाणीचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आठवलं, शेतकरी नेते शरद जोशींबरोबर रस्त्यावर बसलेले ते दिवस. गाडीत आम्ही बराच वेळ त्यावरच बोललो.

तिसरा सिगार हबानो, क्युबन वाणाच्या बियाण्याचं इक्वाडोरमध्ये पिकवलेलं पान. रंग तांबूस तपकिरी, कॅमेरूनपेक्षा थोडाच गडद. पण पहिल्या झुरक्यालाच काळी मिरी आणि लवंग. धूर नाकातून सोडला तर डोळ्यांत पाणी येईल इतकी. गाभा तोच आहे यावर माझा विश्वास बसेना. मी कारागिरांना पुन्हा विचारलं. त्यांनी शांतपणे तीच भरण्याची पेटी दाखवली.

चौथा ब्रॉडलीफ मादुरो. जवळजवळ काळा, तेलकट, शिरा ठळक. मामांनी न पेटवता वास घेतला आणि म्हणाले, "काकवी." अगदी बरोबर. गुऱ्हाळावरची काकवी, कोको, थोडी ओली माती. जाड पानामुळे हा मंद जळतो, दोनदा पुन्हा पेटवावा लागला. आणि चारांत सर्वांत काळा असूनही हबानोपेक्षा कितीतरी सौम्य.

हेच मला या प्रवासात मिळालं. मी इतकी वर्षं काळा सिगार म्हणजे कडक असं समजून मादुरोच्या वाटेला गेलो नव्हतो. कडकपणा, म्हणजे निकोटीनचा जोर, बहुतांशी आतल्या पानांतून येतो, विशेषतः झाडाच्या शेंड्याकडच्या लिखेरो पानांतून. रॅपर चवीचा रंग बदलतं आणि तो बदल मला वाटत होतं त्याहून फार मोठा आहे. पण रंगावरून जोर ओळखायला गेलात तर फसाल.

स्वतः असं करून बघायचं असेल तर हाताने वळणाऱ्याला आधी फोन करा, ऐनवेळी चार रॅपर त्याच्याकडे असतीलच असं नाही. तसा कारागीर नसेल तर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले 'नॅचरल' आणि 'मादुरो' घ्या, पाद्रोन १९६४ दोन्हींत मिळतो. आकार मात्र सारखाच हवा. पोट भरलेलं असू द्या, मिनिटाला एकाहून जास्त झुरका नको, मध्ये पाणी किंवा बिनसाखरेचा काळा चहा. मादुरोनंतर शेड पेटवलात तर कागद ओढल्यासारखं वाटेल, म्हणून क्रम मोडू नका. दिवसाला दोनच्या वर जाऊ नका, तिसऱ्याला जीभ बधिर होते. धूर छातीत घेत नसलात तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. मी महिन्याला एक-दोनवर थांबतो आणि या दोन दिवसांनंतर पुढचा महिना एकही घेतला नाही. अमेरिकेत विकत घेण्यासाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा. हॉटेलच्या खोलीत ओढू नका, दंड मोठा असतो.

भारतात नेणार असाल तर माणशी २५ सिगारपर्यंत सीमाशुल्क लागत नाही, तरी निघण्याआधी नियम एकदा पाहून घ्या. ते तीन वीत पान मात्र नेता येणार नव्हतं, शेतातली पानं विमानातून न्यायला परवानगी लागते. मामांनी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं, शेजारी माझी फूटपट्टी ठेवली, चारी बाजूंनी फोटो काढून गावाकडे पाठवले आणि मग मामींना फोन लावून लावणी किती झाली ते विचारत बसले.